सरासरी म्हणजे कुणाचे शेत?

दिवाळीचा पाडवा म्हटला की कुणाला ओवाळणी आठवते, कुणाला वहीपूजन. मला पत्त्यांचा डाव आठवतो. या तिथीला द्यूतप्रतिपदा असेही एक जुने नाव आहे. एरवी निंद्य मानलेला खेळ वर्षातून एक दिवस वडीलधाऱ्यांच्या देखत खेळायला मोकळीक दिली, हा आपल्या पूर्वजांचा मोठाच समजूतदारपणा! माझे सासर बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला, जिरायती पट्ट्यात. पाडव्याची जेवणे आटोपली की आमच्या सोप्यात सतरंजी पसरते आणि डाव मांडला जातो. सासूबाईंना सहीपुरतेच अक्षर येते. परंतु कोणती पाने पडून गेली आणि कुणाच्या हातात काय उरले असेल, हा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. वीस वर्षे मी त्यांच्याकडून हरत आले आहे.

या हरण्यामागेही एक शास्त्र आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. गेल्या वर्षी मी संभाव्यता आणि संख्याशास्त्र या विषयाचा कॉलेजचा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन पुरा केला. वाचक हसतील. माझे शिक्षण विचाराल तर दहावी. सासूबाई तिला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मलाही तो शब्द जरा भारदस्त वाटतो. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि बारामतीच्या एका शाळेत मुलांना स्थिरचित्र, स्मरणचित्र शिकवू लागले. रिकाम्या वेळात कादंबऱ्या लिहिते. अशा बाईने आकड्यांच्या वाटेला जावे कशाला? त्याला दोन कारणे घडली, आणि दोन्ही एकाच गोष्टीपाशी येऊन थांबली.

पहिले कारण माझ्या माहेरचे. माझे माहेर इंदापूरचे. आमच्या घराण्यात एक कथा सांगत असत. आमचा कुणी पूर्वज साऱ्याच्या तगाद्याला कंटाळून, बैलजोडी आणि जात्याची वरची पाळ एवढेच घेऊन, रातोरात गाव सोडून परमुलखात गेला, आणि काही वर्षांनी ती पाळ घेऊनच परत आला. खालची पाळ घरात तशीच होती म्हणे. या कथेवर कादंबरी लिहावी असे माझ्या मनात फार दिवस होते. काळ शोधावा म्हणून १८८५ साली छापलेले पुणे जिल्ह्याचे जुने इंग्रजी गॅझेटियर मिळवले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले. तिथे मला प्रिंगलसाहेब भेटला, आणि तिथेच माझे घोडे अडले. त्याने काय चूक केली, हे मला वाचून कळेना. कारण ती चूक आकड्यांची होती.

दुसरे कारण आमचे भाऊजी. दोन वर्षांमागे त्यांची बाजरी ऐन फुलोऱ्यात करपली. आमच्या शिवारात पावसाने महिनाभर तोंड दाखवले नव्हते. मंडळातल्या पलीकडच्या गावांवर मात्र दोन बऱ्या सरी पडून गेल्या. पीकविमा उतरवला होता. पण भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर, आणि मंडळाची सरासरी बरी निघाली. भाऊजींना काही मिळाले नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला विचारले, "वहिनी, तुम्ही शाळेत शिकवता. मला एवढंच सांगा, सरासरी म्हणजे कुणाचं शेत?"

मला उत्तर देता आले नाही. त्या जूनमध्ये पुण्याला शिकणाऱ्या मुलाकडून मी अभ्यासक्रमात नाव घालून घेतले. प्रवेशाला वयाची आणि पदवीची अट नव्हती, हे माझे भाग्य.

बारा आठवड्यांचा अभ्यास होता. व्याख्याने मोबाइलवर यायची. रविवारी रात्री बाराच्या आत स्वाध्याय धाडायचा. पहिले चार आठवडे नाणी, फासे, पत्ते आणि रंगीत चेंडूंची पिशवी यांत गेले. तांबडा चेंडू काढून पिशवीत परत टाकला तर काय, आणि न टाकला तर काय! दुसऱ्या स्वाध्यायात मला दहापैकी तीन गुण पडले. शाळेतल्या पोरांना 'पुन्हा काढ' म्हणून चित्र परत देताना त्यांचे तोंड का उतरते, ते त्या रात्री समजले. नेट धरले ते एका जुन्या आठवणीने. वनपर्वातल्या नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळाला ते खरे वाटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजून पाहतो. आकडा बरोबर निघतो. तेव्हा नळ आपली अश्वविद्या देऊन ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतो, आणि त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. फाशांची विद्या आणि न मोजता मोजण्याची विद्या एकच, हे त्या कथाकाराला ठाऊक होते की काय कोण जाणे! मला मात्र धीर आला. घोडे हाकणारा शिकतो, तर कुंचला धरणारीने का शिकू नये?

पाचव्या आठवड्यात माध्य आणि प्रमाण विचलन आले, आणि मी ताठ बसले. गुरुजींनी दिलेले उदाहरण विजेच्या दिव्यांच्या आयुष्याचे होते. ते बाजूला ठेवून मी वहीत दोन शेते मांडली. एक कालव्याकाठचे. तिथे पाच वर्षे दर एकरी सहा सहा पोती. दुसरे आमच्या माळाचे. तिथे पहिल्या वर्षी चौदा पोती, मग एक, मग दहा, मग शून्य, मग पाच. दोन्हींची बेरीज तीस, दोन्हींची सरासरी सहा. पण पहिल्या शेताचे विचलन शून्य, आणि दुसऱ्याचे पाच पोत्यांहून अधिक. सरासरी सहा आणि तिच्याभोवतीची ओढाताण पाचाची! भाऊजींचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले. आमच्या बाजूला पाऊस वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पडतो, असे भूगोलात शिकवतात. तो तसा पडतो कधी? एखाद्या साली सगळा हस्तातच कोसळतो, एखाद्या साली ढग नुसतेच जेजुरीकडे जातात.

आता प्रिंगलकडे वळते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंदापूर कंपनीच्या हाती आले. ते सुस्थितीत नव्हतेच. १८०२-०३ सालची होळकरी धुमाळी आणि तिच्या पाठोपाठचा दुष्काळ यांनी हा भाग ओस पाडला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या मक्तेदारांनी उरलेसुरले पिळून काढले होते. नव्या सरकारला सारा तर हवा होता, पण न्यायाने हवा होता. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. हा इंग्लंडात हेलिबरी येथे कंपनीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते माल्थस. लोकसंख्येवरचा निबंध लिहिणारे तेच. शेतीच्या खंडाविषयी रिकार्डोने मांडलेला सिद्धांत त्या काळी अगदी ताजा होता. जमिनीतून निघालेल्या मालाच्या किमतीतून लागवडीचा सगळा खर्च वजा केला की जे उरते, ते निव्वळ उत्पन्न. सरकारने त्यातलाच वाटा घ्यावा, म्हणजे शेतकऱ्याच्या मजुरीला आणि भांडवलाला धक्का लागत नाही. कागदावर याहून न्याय्य काय असणार? प्रिंगलने निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ हा सरकारचा वाटा धरला आणि १८३०च्या सुमारास त्याचे दर इंदापुरात लागू झाले.

हा मनुष्य लोभी नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. कादंबरीत त्याला मिशा पिळणारा खलपुरुष करण्याचा माझा बेत होता. तो मला सोडून द्यावा लागला. त्याने शेतांची मोजणी करवली, जमिनींचे प्रकार पाडले, प्रत्येक प्रकारात किती पिकते, बैलाला काय लागते, बियाण्याला काय लागते, हे सारे टिपून काढवले. एवढी चौकशी त्याच्या आधी कुणीच केली नव्हती. आणि तरी त्याचा सारा लोकांना असह्य झाला. जमिनीची प्रत ठरवणाऱ्या हाताखालच्या लोकांनी लाच खाऊन काळी ती मुरमाड आणि मुरमाड ती काळी लिहिली, धान्याचे भाव घसरले, पावसाने दगा दिला. सूट देता देता सरकार थकले आणि सारा भरता भरता लोक. शेतकरी घरे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाले. काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी तिसरा हिस्सादेखील कसणुकीखाली राहिला नाही. वसुलीसाठी लोकांचे हाल केले गेले, छळही झाला. ही कबुली मुंबई सरकारने पुढे १८७२-७३च्या आपल्याच अहवालात दिली आहे. आमच्या पूर्वजाची जात्याची पाळ याच वर्षांत कधीतरी भीमेपलीकडे गेली असावी.

लाचखाऊ कारकून आणि पडलेले भाव हे तर खरेच. पण गणितातही काही खोट होती का? तिचे एक अंग मला सातव्या आठवड्यात, सहविचरण नावाच्या प्रकरणात दिसले. ते सांगितल्यावाचून राहवत नाही. वाचकांनी फराळाचे ताट क्षणभर बाजूला ठेवावे. समजा, एका साली शेतात दहा मण ज्वारी झाली. सगळीकडेच पिकले, म्हणून भाव पडला. मणाला एक रुपया. हातात दहा रुपये आले. पुढच्या साली दोनच मण झाली. सगळीकडेच टंचाई, म्हणून भाव चढला. मणाला तीन रुपये. हातात सहा रुपये. दोन वर्षांची मिळकत सोळा, म्हणजे सालाला सरासरी आठ. आता हाच हिशेब कचेरीत बसून करा. सरासरी पीक सहा मण, सरासरी भाव दोन रुपये, साहा दुणे बारा! शेतकऱ्याच्या हाती आठ रुपये, आणि कागदावर बारा. यात कुणी लाच खाल्लेली नाही, कुणी खोटे लिहिलेले नाही. पीक आणि भाव एकमेकांच्या उलट धावतात, एवढे विसरून दोन सरासऱ्यांचा गुणाकार केला, इतकेच. शिवाय टंचाईच्या साली त्या दोन मणांतून बाजारात जातेच किती? ते घरातच संपतात. या चार ओळी वहीत मांडल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी शेजारी झोपलेल्यांना उठवले. "आठाचे बारा झाले," मी म्हणाले. "तुझ्या कादंबरीत होतील," असे म्हणून ते कुशीवर वळले.

प्रिंगलचे दर मोडीत निघाल्यावर १८३५ साली इंदापुरात दोघे नवे तरुण आले. हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी नोकर, आणि जॉर्ज विंगेट हा इंजिनिअरांच्या पलटणीतला लेफ्टनंट. दोघेही जेमतेम तेविशीचे. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत सरळ गुंडाळून ठेवला. या मुलखाने मागच्या वर्षांत प्रत्यक्षात किती सारा दिला, कोणत्या दराने लोक टिकले आणि कोणत्या दराने पळाले, पाऊस कसा, बाजार किती लांब, हे पाहून साऱ्याचा एकूण अंदाज आधी ठरवला, आणि मग तो शेताशेतांवर त्यांच्या मगदुराप्रमाणे वाटला. दर हलके केले आणि तीस वर्षे ते वाढणार नाहीत, असे वचन दिले. लोक परत आले. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. इंदापुरात उभी राहिलेली ही पद्धत पुढे दख्खनभर, खानदेशात, कर्नाटकात, वऱ्हाडात आणि म्हैसुरापर्यंत गेली. आपण आजही ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, त्याचा वंश या मोजणीतला.

मगदूर ठरवण्याची त्यांची रीत तर चित्रकाराने पाहावी अशी! विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांच्या १८४७च्या संयुक्त अहवालात तिचे नियम आहेत. शेताचा नकाशा घ्यायचा, त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून सारखे भाग पाडायचे, आणि प्रत्येक भागात माती खणून पाहायची: किती खोल, कोणत्या रंगाची. मातीच्या नऊ प्रती. पावणेदोन हात खोल उत्तम काळी असेल तर सोळा आणे. तिथून उतरत उतरत हलक्यात हलकी ती दोन आणे. चुनखडी मिसळली आहे, रेती आहे, उतार आहे, पाणी वाहून माती धुपते आहे, असा प्रत्येक दोष एकेका खुणेने दाखवायचा, आणि दर दोषाला प्रत एका पायरीने खाली. शेवटी सगळ्या भागांच्या आण्यांची सरासरी, ती त्या शेताची. आम्ही मुलांना चित्र मोठे करायला कागदावर चौकटी आखायला शिकवतो, तसेच हे. ही सरासरीदेखील सरासरीच आहे, पण हिला पाय आहेत. ती शेतात जाऊन, दर चौकटीत एकदा वाकून, मग कागदावर आली. नवव्या आठवड्यात गुरुजींनी नमुना कसा घ्यावा हे सांगितले, तेव्हा मला दिवे आणि कारखाना दिसेना. पहार खांद्यावर घेतलेला मोजणीदार दिसू लागला.

वाटेल की इथे गोष्ट गोड झाली. तशी ती झाली नाही. तीस वर्षे १८६६-६७ साली संपली, आणि फेरआकारणीला पहिला हात लागला तो पुन्हा इंदापूरलाच. मधल्या काळात अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले होते. तिकडचा कापूस बंद पडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्याबरोबर धान्यही महागले. त्या तेजीच्या वर्षांकडे पाहून सारा वाढला, आणि चांगलाच वाढला. पुढे तेजी ओसरली, भाव खाली आले. साऱ्याचा आकडा मात्र वर चढून बसला. चार चांगल्या वर्षांचा नमुना घेऊन तीस वर्षांवर लादला, दुसरे काय? त्याच ओघात भीमथडी तालुक्याचीही फेरआकारणी झाली. आजचा बारामती तालुका तेव्हा या भीमथडीत मोडत असे. ओरड इतकी झाली की १८७४ साली सरकारने मर्यादा घातली. फेरआकारणीत गावांच्या गटाचा एकूण सारा शेकडा ३३ हून अधिक वाढू नये, एका गावाचा ६६ हून अधिक नको, आणि एका खातेदाराचा १०० हून अधिक नको. हे तीन आकडे मी बराच वेळ पाहत बसले. गटाला तेहतीस, गावाला सहासष्ट, माणसाला शंभर. जसजसे तालुक्याकडून एकेका घराकडे यावे तसतशी ओढाताण वाढत जाते, हे त्या नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. नियमाने परवानगी दिलेला तो शंभरवाला कुणीतरी असणारच की!

तो वर्षभराने रस्त्यावर आला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. सावकार मुख्यतः गुजर. जाळपोळ, लूट झाली. परंतु त्यांचा डोळा होता तो रोख्यांवर, खतांवर, खातेवह्यांवर. जिथे कागद मुकाट्याने हाती आले तिथे फारशी मारहाण झाली नाही. दंगलीचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने आयोग नेमला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्तीचा कायदा आला. या उठावाचे कारण सारा की सावकार, यावर विद्वान अजून वाद घालतात. मला वाटते, सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा, पीक मात्र चौदा, एक, दहा, शून्य असे यायचे. त्या मधल्या फटीत सावकार बसला होता. माझ्या सासरच्या घरापासून सुप्याची पेठ फार लांब नाही. बाजाराला जाताना ते जुने दगडी जोते दिसले की मी थबकते.

मग १८७६-७७चा मोठा दुष्काळ आला, आणि त्यानंतर १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. कालव्याने बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचे उभे दोन भाग केले: बागायत आणि जिरायत. बारामतीहून इंदापूरला एस.टी.ने निघावे, भवानीनगरपासून निमगाव केतकीपर्यंत खिडकीतून ऊस पाहावा, आणि मग माझ्यासंगती बारामतीहून उलट सुप्याच्या बाजूला यावे. तालुक्याची सरासरी कशाला म्हणायचे, ते तिकिटाच्या पैशांत समजेल.

कडू गोष्टी पुष्कळ झाल्या. एका आपल्या माणसाचे नाव मला या अभ्यासात सापडले, त्याचा आनंद सांगते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकून लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टर झालेले. १९४० नंतर त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत बसून, पिकाचे उत्पन्न मोजावे कसे, हा प्रश्न हाती घेतला. तोवर आणेवारी नजरेनेच ठरत असे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. बांधावर उभे राहून कुणी आठ आणे म्हणे, कुणी सहा. सुखात्म्यांच्या पद्धतीत नजरेला वाव नाही. यादीतून चिठ्ठीने गाव, गावातून चिठ्ठीने शेत, आणि शेतातही यादृच्छिक आकड्यांनी एक कोपरा निवडायचा. तिथून दोरीने ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस हेही या विषयातले मोठे आचार्य. ते लहान वर्तुळाकार तुकडे कापून काम भागवत. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. काठावरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा विळा त्याला आतच ओढतो! लहान तुकड्याला काठच फार. १९४६ साली 'नेचर' या विलायती नियतकालिकात त्यांनी हे छापले. काठावरच्या ताटाला आत ओढणारा हात आपल्या माणसाने ओळखला, कारण त्याने तो शेतात पाहिला असणार. पुढे १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते रोमला संख्याशास्त्राचे प्रमुख होते. वृद्धापकाळी पुण्याला राहिले, आणि १९९७ साली तिथेच वारले.

हे सारे वाचून मी हवेत होते, आणि अशातच गेल्या सप्टेंबरात पीक कापणी प्रयोगासाठी नेमके भाऊजींचे शेत चिठ्ठीत निघाले. कृषी सहायक आले, तलाठी आले, दोन पंच आले. बाजरी यंदाही बेताचीच होती. वरचा अर्धा माळ करपलेला. खाली ओढ्याच्या अंगाला मात्र काळ्या मातीत कणसे भरलेली. सहायकांनी पावले मोजली, कागदावरचा आकडा पाहिला, आणि खुंटी ठोकली ती बरोबर ओढ्याच्या काठाला, सगळ्या शेतातल्या चांगल्यात चांगल्या जागी.

"साहेब," भाऊजी म्हणाले, "वीसच पावलं वर सरकवा की. शेत कसं आहे ते दिसतंय ना तुम्हाला."

सहायक तरुण होता, भला होता. त्याने इकडेतिकडे पाहिले. पंचांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. मग भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. "वहिनी, तुम्ही तर शिकून आलात. सांगा यांना."

मी शिकले होते तेच आडवे आले. खुंटी जिथे पडली तिथेच कापायला हवे; आज वीस पावले वर सरकली तर उद्या कुणाच्या सोयीने ती खाली सरकेल. मंडळातल्या सगळ्या तुकड्यांत काही चांगल्या जागी पडतील, काही वाईट जागी, आणि मगच ती सरासरी खरी होईल. हे मला ठाऊक होते. आणि समोर मागच्या सालचे कर्ज फिटले नाही असा घरचा माणूस उभा होता, ज्याच्या प्रश्नासाठी मी हा खटाटोप केला होता. मला मोठे व्याख्यान सुचले नाही. "भाऊजी, आहे तिथंच राहू द्या," एवढेच म्हणाले. दोरी आखली, कणसे खुडली, मळून काट्यावर घातली. भाऊजी वजन पाहायला थांबले नाहीत.

दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घरात अबोला कडक नसतो. ताट वाढले की जेवत, "वहिनींना सांगा मीठ कमी आहे" असे मुलाकरवी सांगत. माझा अभ्यासक्रम संपला; शंभरात एकसष्ट गुण मिळाले. मुलाने प्रमाणपत्र छापून आणले. ते भिंतीवर लावायचे धाडस मला झाले नाही. कपाटात कादंबरीच्या बाडाखाली ठेवले.

गेल्या पाडव्याला नेहमीप्रमाणे सतरंजी पसरली. पाने वाटता वाटता भाऊजींनीच विषय काढला, तोही माझ्याकडे न पाहता. "तुमच्या त्या गोष्टीतला साहेब. दर चुकवले, गावं उठवली. त्याचं पुढं काय झालं?"

"प्रिंगल ना? तो पुढे सिंधचा कमिशनर झाला. १८४७ साली."

"म्हणजे बढती मिळाली," भाऊजी म्हणाले आणि पाने उचलली. सासूबाई त्यांच्या हाताकडे एकवार पाहून म्हणाल्या, "बदामाची राणी तुझ्याकडंच आहे. टाक मुकाट्यानं."